मीठ, पाणी आणि भाकरी

वाटेत भाकरीचा तुकडा पडलेला दिसला, तर आपण काय करतो? त्याच्यावर पाय देत नाही. चुकून पाय लागलाच, तर वाकतो, तुकडा उचलतो, कपाळाला लावतो आणि कडेला पाखरांसाठी ठेवतो. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवले नाही. आईने केले, ते बघून आपण केले. हिंदू असो, मुसलमान असो, जैन असो की ख्रिस्ती असो, कोल्हापूरकडच्या गावात अन्नाला पाय लावणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही.

ख्रिस्ती लोक जेवायच्या आधी डोळे मिटून देवाचे उपकार मानतात, हे तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून, देवाचे नाव घेऊन जेवायला बसण्याची रीत आहे. तशीच ही रीत. त्या रीतीच्या मागे काय आहे, ते या पाठात वाचू.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना एक लहानशी प्रार्थना शिकवली. मराठी ख्रिस्ती मंडळीत ती लहान मुलांनाही पाठ असते. तिच्यात आधी देवाच्या नावाचा मान आहे. मग त्याचे राज्य यावे, त्याची इच्छा पुरी व्हावी, असे मागणे आहे. आणि त्यानंतर लगेच काय आहे? भाकरी! सोने नाही, वाडा नाही, शंभर एकर बागायत नाही. रोजची भाकरी, आणि तीसुद्धा आजच्यापुरती. पापांची क्षमा मागायची, ती त्याच्यानंतर. मला हा क्रम फार आवडतो. उपाशी माणसाला आधी जेवू घालावे, मग उपदेश करावा, हे ज्याने ही प्रार्थना शिकवली त्याला चांगले ठाऊक होते. तो सुताराच्या घरात वाढला होता.

"आजच्यापुरती" का, म्हणून कुणी विचारील. त्याची एक जुनी गोष्ट पवित्र शास्त्रात आहे. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते. तिथून सुटून ते रानात आले. रानात खायला काही नव्हते. तेव्हा सकाळी जमिनीवर दवासारखे बारीक, पांढरे अन्न पडलेले त्यांना मिळू लागले. त्याला ते मान्ना म्हणत. हुकूम असा होता, की ज्याला जेवढे आज लागेल तेवढेच त्याने गोळा करावे. काहींनी हावेने उद्याचेही भरून ठेवले. सकाळी बघतात तो काय? त्यात किडे झाले होते आणि घाण सुटली होती. फक्त विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती.

आता आपण शेतकरी माणसे. आपण कणगी भरतो, बी राखतो, पुढच्या उन्हाळ्याची बेगमी करतो. ते काही चूक नाही. बी राखले नाही तर पेरणार काय? गोष्टीचा रोख हावरटपणावर आहे. शेजारच्याचे पोट रिकामे आणि माझ्या कणगीत पोरकिडे, असे होऊ नये.

आता भाकरीचा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. घरात पाच माणसे आहेत असे धरा. प्रत्येकाला सकाळी दोन आणि रात्री दोन भाकरी लागतात. म्हणजे दिवसाला २० भाकरी. ३० दिवसांच्या महिन्याला ६००. वर्षाला ७,३००. एवढ्या भाकरी बहुतेक घरांत एकाच बाईच्या हातावरून तव्यावर जातात. दहा वर्षांच्या किती होतील, ते तुम्हीच लिहा.

आणि भाकरी काय एकट्या बाईची आहे? शाळू पेरायचा भाद्रपदाच्या शेवटी नाहीतर आश्विनात, पावसाने जमिनीत मुरवून ठेवलेल्या ओलीवर. मग चार महिने थंडीत राखण. पाखरे हाकायची, कणसे खुडायची, मळणी, उफणणी, चाळण. एका दाण्यातून ताट येते, त्या ताटाच्या कणसात शेकडो दाणे भरतात. ते कसे भरतात, हे अजून कुणा शेतकऱ्याला हाताने करून दाखवता आलेले नाही. लोहाराने विळा केला. सुताराने काठवट केली. बैल राबले, नाहीतर ट्रॅक्टरवाला राबला. गिरणीवाल्याने दळून दिले. वर पश्चिमेला गगनबावड्याकडे, राधानगरीकडे गेलात तर शाळूच्या जागी नाचणी आणि भात. पण कष्ट तेवढेच. उलट चढणीवर जास्तच.

एका घरची गोष्ट सांगतो. घर ख्रिस्ती होते. मुलगा जेवायला बसला. डोळे मिटून त्याने देवाचे उपकार मानले आणि भाकरी मोडली. म्हातारी आई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली,

"देवाचं उपकार मानलंस, बरं केलंस लेका. पण हिनं सकाळपासनं चुलीफुडं बसून भाकरी थापल्या, तिला कोण बोलणार?"

"आई, तिला काय बोलायचं? तिचं कामच हाय ते."

"व्हय रं! आन पाऊस पाडायचं देवाचं कामच न्हवं का? मग त्येचं तरी कशाला मानतूस?"

मुलाला उत्तर सुचले नाही. तो मुकाट्याने जेवला. उठताना बायकोकडे न बघताच म्हणाला, "आज भाकरी मऊ झालीया." सून काही बोलली नाही. तिने फक्त राखेने तवा घासायला घेतला. पण सासूने तिच्याकडे बघितले आणि दोघी हसल्या.

येशूची एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. डोंगराच्या कडेला पाच हजार माणसे जमली. जवळ गाव नव्हते. एका पोराजवळ पाच भाकरी आणि दोन मासे होते. त्या भाकरी जवाच्या होत्या. त्या देशात गहू श्रीमंताचा आणि जव गरिबाचा. म्हणजे आपल्याकडची नाचणीची भाकरी समजा. येशूने ती गरिबाची भाकरी हातात घेतली, आधी देवाचे उपकार मानले आणि मग वाढायला दिली. सगळे पोटभर जेवले. ही चमत्काराची गोष्ट म्हणून लोक सांगतात. पण तिचा शेवट पुष्कळ जण गाळतात. जेवणे झाल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. काही वाया जाऊ द्यायचे नाही! बारा टोपल्या भरल्या. ज्याला पाचाच्या पाच हजार करता येतात, त्याने तुकडे कशाला वेचावेत? तरी त्याने वेचायला लावले. लग्नाच्या पंगतीनंतर आपल्या गावात उकिरड्यावर किती भात आणि किती बुंदी जाते, ते आठवून बघा.

आता पाणी.

कोल्हापूर म्हणजे पाण्याचा मुलूख. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असे जुने लोक म्हणतात. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीला धरण बांधायला काढले. त्या पाण्यावर ऊस आला आणि गूळ आला. मग इथल्या माणसाला पाण्याची किंमत कळायची कशी? ती कळली महापुरात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यापाशी तिची धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे वेढली गेली. शिरोलीपाशी मोठा महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. कोल्हापूर शहरात नळाचे पाणी थांबले, कारण पाणी उपसायची यंत्रेच पाण्यात गेली होती. चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायला घोटभर नाही! लोक माळवदावर बसून टँकरची आणि बाटल्यांची वाट बघत होते. ज्या गावांत पूर नव्हता, तिथल्या बायकांनी भाकरी-चपात्या केल्या, फडक्यात बांधल्या, वर चटणीची पुडी ठेवली आणि त्या पूरग्रस्तांना पाठवल्या. कुणाच्या भाकरी कुणी खाल्ल्या, कुणी विचारले नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला.

घरात पाणी किती लागते, तेही मोजू. सरकारने २०१९ मध्ये नळाच्या पाण्याची मोठी योजना सुरू केली. तिच्यात खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे माप धरले आहे. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. तुमची घागर १५ लिटरची असेल, तर सुमारे १८ घागरी. ज्या घरी नळ नाही, तिथे या १८ घागरी कुणाच्या डोईवरून येतात? हेही पाटीवर लिहा. लिटरच्या आकड्यापुढे त्या माणसाचे नाव लिहा.

पाण्याची आणखी एक गोष्ट आहे. ती ऐकायला कडू लागेल. पाणी देव सर्वांसाठी पाडतो, पण माणसाने त्याच्यावर जातीचा पहारा बसवला. शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीची हकीकत आहे. भर दुपारी येशू दमून विहिरीच्या काठावर बसला होता. शोमरोनी जातीची एक बाई पाण्याला आली. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्यांच्या भांड्यातले पाणी पिणे तर दूरच. येशूने तिच्याकडेच प्यायला पाणी मागितले. ती चकित झाली. तिने तोंडावर विचारले, तू यहूदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस?

आपल्या कोल्हापुरातही असेच काही घडले आहे. गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ महाराजांच्या नोकरीत होते. पाण्याच्या हौदाला ते शिवले, म्हणून वरच्या जातीच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. शाहू महाराजांना हे कळले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. एवढे करून ते थांबले नाहीत. स्वतः गाडी थांबवून त्या हॉटेलचा चहा ते पिऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले! महाराज काही ख्रिस्ती नव्हते. पण ज्याला याकोबाच्या विहिरीची गोष्ट समजली आहे, त्याला या चहाच्या कपाची गोष्टही समजेल. पाण्याबद्दल देवाचे उपकार मानायचे आणि शेजाऱ्याला त्याच आडावर येऊ द्यायचे नाही, हे उपकार मानणे देवापर्यंत पोचत असेल, असे मला वाटत नाही. आणि हे ख्रिस्ती माणसांनाही लागू आहे. जात मंडळीच्या दाराबाहेर पुरती राहिली, असे कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

पोट भरलेल्या माणसाने देवाचे आभार मानले, तर त्यात नवल नाही. ज्याने भूक बघितली आहे, त्याचे मानणे वेगळे. म्हणून आता पंडिता रमाबाईंविषयी वाचू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान ब्राह्मण. बायकांनी शिकू नये, असा तो काळ होता. पण शास्त्रीबुवांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. आईने रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराण सांगत असे आणि मिळेल त्यावर जगत असे. रमाबाई मोठ्या होत होत्या, तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले. भीक मागायची सवय नाही, मजुरी करायची माहिती नाही. रानात त्यांनी ११ दिवस आणि ११ रात्री काढल्या. खायला काय? पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर. वडील गेले. मग आई गेली. मग बहीण गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ. दोघे अनवाणी चालत चालत देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्या पाहून त्यांचा मोठा मान केला. पण पाल्याची चव काही जिभेवरून गेली नसेल.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. नंतर १८९६-९७ मध्ये मध्य हिंदुस्थानात मोठा दुष्काळ पडला. ती बातमी वाचून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्याही मुली आल्या. सगळ्या मिळून दोन हजारांच्या घरात बायका-मुली झाल्या. दोन हजार माणसांना दोन वेळा जेवायला घालायचे, म्हणजे किती भाकरी लागतील? मघाच्या हिशेबाने दिवसाला ८,००० झाल्या. या मुली नुसत्या बसून खात नव्हत्या. शेत, गाई-म्हशी, विणकाम, शिवणकाम, छापखाना, जे जमेल ते त्या शिकल्या.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही नुकते वाचायला शिकला आहात. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर आधीपासून होते. पण त्याची भाषा साध्या बायकांना जड जाते, असे रमाबाईंना वाटले. म्हणून त्या वय झाल्यावर हिब्रू आणि ग्रीक या जुन्या भाषा शिकल्या आणि सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. त्यात त्यांची पुष्कळ वर्षे गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये छापून पुरे झाले. छापायचे काम मुक्तिसदनातल्या बायकांनीच केले. ज्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, त्यांनीच खिळे जुळवले!

मिठाविषयी थोडेच सांगतो. घरात सगळ्यांत स्वस्त वस्तू कोणती, तर मीठ. ते संपेपर्यंत त्याची आठवण होत नाही. पूर्वी आपल्याकडे मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. १९३० मध्ये याच मिठावरच्या करासाठी देशभर सत्याग्रह झाला. कोकणात शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. येशूने आपल्या शिष्यांना मिठाचीच उपमा दिली आहे. मीठ ताटात वेगळे उठून दिसत नाही, पण नसले तर पहिल्या घासाला कळते. बाजारातून मीठ आणताना पुडीवर "आयोडीनयुक्त" हा शब्द वाचून घ्या. हसऱ्या सूर्याचे चित्रही असते. आयोडीन कमी पडले तर गळ्याला गाठ येते, आणि आईच्या पोटातल्या बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. मात्र मीठ फार खाल्ले, तर रक्तदाब वाढतो, हेही ध्यानात असू द्या.

इथे एखादा विचारील, आणि त्याने विचारावेच, "ज्याच्या घरात पीठ न्हाई, त्यानं कशाचं उपकार मानायचं?" हा प्रश्न खरा आहे. गरिबाला "आहे त्यात समाधान मान, देवाचे आभार मान" असे सांगणारे पुष्कळ असतात. सांगणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. येशूने असे सांगितले नाही. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत "माझी भाकरी" नाही, "आमची भाकरी" आहे. म्हणजे ज्याच्या घरी पीठ आहे, तो त्या शब्दात शेजारच्याची भाकरीही मागत असतो. मागितली आणि मिळाली, तर नेऊन द्यायला नको का? मजूर बाईला मजुरी कमी दिली, रेशनच्या दुकानात माप मारले, तर तिथे उपकार मानून गप्प बसायचे नाही. आपल्या हक्काचे माप मागायचे.

हे करायची एक साधी रीत ईशान्येकडच्या मिझोरम राज्यात आहे. तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. भात हे त्यांचे जेवण. तिथली बाई प्रत्येक वेळी भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूच्या भांड्यात टाकते. मंडळीतल्या बायका घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात आणि विकतात. त्यातून मंडळीची कामे चालतात. ही चाल विसाव्या शतकाच्या आरंभी पडली. तेव्हा ते लोक फार गरीब होते. द्यायला पैसा नव्हता. मूठ मात्र प्रत्येकीला होती.

कोल्हापुरात ख्रिस्ती मंडळीचे काम १८५२ मध्ये सुरू झाले. रॉयल गूल्ड वाइल्डर नावाचे अमेरिकन पाद्री त्या साली इथे आले. त्यांच्या नावाचे मंदिर आजही शहरात आहे. पुढे मंडळी खेड्यापाड्यांत पसरली. आपल्या मुलखातल्या मंडळ्यांत पीक हाती आल्यावर एका रविवारी उपकारस्तुतीचा सण करतात. त्या दिवशी कुणी शाळूची कणसे आणतो, कुणी उसाची मोळी, कुणी नारळ, कुणी अंडी. एखादी म्हातारी पदराखाली कोंबडी घेऊन येते, आणि उपासना चालू असताना ती मधेच ओरडते. पोरे हसतात. पाळकसाहेबही हसू दाबतात. ज्याला शेत नाही तो परसातली मिरची आणतो. सगळे समोर मांडतात, प्रार्थना होते, आणि मग अंगणात लिलाव.

लिलावात गंमत असते. समजा, एक भोपळा आला. बाजारात त्याला ४० रुपये मिळतील. इथे बोली ६० वर जाते. घेणारा पैसे टाकतो आणि म्हणतो, "भोपळा मंडळीलाच परत." पुन्हा लिलाव. दुसरा घेतो, तोही परत देतो. असे तीनदा झाले तर एकाच भोपळ्याचे जवळजवळ दोनशे रुपये होतात, आणि भोपळा आहे तिथेच! शेवटी एखादी बाई पुढे होते, तो काखेत मारते आणि म्हणते, "किती येळ नाचवताय त्येला? द्या हिकडं, संध्याकाळच्या जेवणात घालते." मग बायका विळी घेऊन बसतात, आणि आत चुलीवर मोठे पातेले चढते.